मेंदूतील दाह आणि स्मृतीची झीज

'साठी बुद्धी नाठी' असे म्हणून घरोघरी ज्या विसराळूपणाकडे दुर्लक्ष केले जाते, त्यातील काही प्रमाणात तरी तो मेंदूचा आजार असतो, हे मुंबईत प्रत्यक्ष पाहणीने सिद्ध झालेले आहे. डॉ. सी. जे. वास, डॉ. चार्ल्स पिंटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील चाळीस व त्याहून अधिक वयाच्या २४,४८८ व्यक्तींच्या पाहणीचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनुसार पासष्टीपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक रुग्णांना अल्झायमर होता.

मेंदूचे वजन शरीराच्या अवघे दोन टक्के असले, तरी शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा वापरतो. परळ-लालबागच्या गिरण्यांत कोळसा जळताना शक्तीबरोबर धूरही निघे, त्याप्रमाणे पेशींतील तंतुकणिका ऊर्जा निर्माण करताना मुक्त मूलके, म्हणजे जवळच्या रेणूंतील इलेक्ट्रॉन हिरावून घेणारे अस्थिर कण, बाहेर टाकतात. निरोगी पेशी ग्लुटाथायोनसारख्या द्रव्यांच्या साहाय्याने त्यांना निष्प्रभ करते; ही क्षमता अपुरी पडली की जी अवस्था येते तिला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात, आणि चेतापेशींच्या आवरणात सहज ऑक्सिडीकरण होणारी मेदाम्ले विपुल असल्याने हा ताण मेंदूला विशेष जाचतो.

अल्झायमरमध्ये अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर चेतापेशींच्या बाहेर साचतात, तर टाऊ प्रथिनाचे गुंते पेशींच्या आत तयार होतात. मेंदूतील सफाई व संरक्षण करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशी हे थर हटवू पाहतात. मात्र काम संपत नाही तेव्हा त्या सतत उत्तेजित राहून दाहकारक रसायने आणि आणखी मुक्त मूलके सोडतात. ताणातून दाह आणि दाहातून पुन्हा ताण, असे हे चक्र आहे.

मग दाहशामक मानल्या जाणाऱ्या हळदीने ते थांबेल का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. गिरगावात वाढलेले शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली हळदीवरील अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द करवून घेतले गेले, याचा सार्थ अभिमान महाराष्ट्राला आहे. पण ते पेटंट जखम भरण्याच्या गुणाविषयी होते. हळदीतील कर्क्युमिन रक्तात फारच कमी शोषले जाते आणि अल्झायमरच्या रुग्णांवरील चाचण्यांत त्याचा ठोस लाभ दिसलेला नाही. दाहशामक गोळ्यांनीही रोग रोखला नाही. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने दैनंदिन व्यवहारांतील घसरण काहीशी मंदावली, स्मृती मात्र सुधारली नाही. विकृतीची सुरुवात लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधी होत असल्याने उशिरा दिलेली गोळी तोकडी पडत असावी, असे मानण्यास जागा आहे.

म्हणूनच मध्यमवयातील काळजीला महत्त्व येते. 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालात उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपण, प्रदूषित हवा अशी चौदा कारणे दिली असून ती दूर झाल्यास स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू किंवा लांबू शकतील, असा अंदाज आहे. मागांच्या अखंड खडखडाटात आयुष्य घालवलेल्या कामगारांच्या वस्तीत श्रवणतपासणी म्हणूनच अगत्याची ठरते.

बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार आणि नैराश्य यांमुळेही स्मृती मंदावते, आणि यांवर उपचार आहेत. घरातील वडीलधाऱ्यांचे वागणे बदललेले जाणवल्यास केईएम, नायर किंवा जे. जे. रुग्णालयातील मेंदूविकार विभागात त्यांची तपासणी कुटुंबीयांनी विनाविलंब करून घ्यावी.