पाणपिसूची साक्ष
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात रोहिणखेड येथे दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला ‘शिक्षण आणि समाज’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. त्या विषयावर माझ्याहून अधिकारी वक्ते व्यासपीठावर आहेत. मी केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेला प्राथमिक शिक्षक. तेव्हा अध्यक्षांची अनुमती घेऊन मी एका अगदी लहान जिवाविषयी आणि आपल्या पंगतीतील बुंदीविषयी चार शब्द बोलणार आहे. या दोहोंचा संबंध काय, असे आपणांस वाटेल. तो संबंध मला माझ्याच घरच्या एका लग्नात कळला.

लग्न माझ्या पुतणीचे. आचाऱ्याने बुंदीत पिवळा आणि जिलेबीत केशरी रंग सढळ हाताने घातला होता. लोकांनी वाहवाही केली. दुसऱ्या दिवशी कढया आणि पराती विहिरीजवळ धुतल्या गेल्या आणि ते रंगीत पाणी वाहत जाऊन गुरांच्या हौदात उतरले. त्या आठवड्यात मी मुलांना पाण्यातील सूक्ष्म जीव दाखवीत होतो आणि त्यासाठी त्याच हौदातील पाणी आणवीत असे. आदल्या दिवशी त्यात पाणपिसवा उड्या मारीत होत्या. त्या दिवशी एकही हलेना. एका मुलीने विचारले, “गुरुजी, हे रंगानं मेले का? मंग आपण काल तेच खाल्लं ना?”

मी म्हणालो, “रंगाने की साबणाने, की तुपाच्या तवंगाने, हे आपल्याला ठाऊक नाही.” उत्तर खरे होते, पण ते देताना माझी मान खाली गेली होती.

पाणपिसू म्हणजे काय, हे आमच्या पिढीला निराळे सांगावयास नको. विहिरीचे पाणी दुहेरी फडक्याने गाळून घेण्याची शिस्त आमच्या आयांनी पाळली, ती तिच्याच जातभाईमुळे. सायक्लॉप्स नावाच्या तसल्याच जिवाच्या पोटातून नारू माणसाच्या अंगात शिरत असे. आपला देश इ. स. २००० मध्ये नारूमुक्त ठरला, त्यात त्या फडक्याचा वाटा मोठा आहे. पाणपिसू मात्र निरुपद्रवी. ती मोहरीच्या दाण्याएवढी किंवा त्याहून लहान, आणि तिचे अंग काचेसारखे पारदर्शक. साध्या भिंगाखाली तिचे धडधडणारे हृदय दिसते. ती पाणी गाळूनच आपले अन्न मिळवते, म्हणून पाण्यात जे मिसळेल ते तिच्या पोटात जाते. याच कारणास्तव जगभरच्या प्रयोगशाळांनी तिला साक्षीदार म्हणून उभे केले आहे.

या चाचणीची एक आंतरराष्ट्रीय रीत ठरलेली आहे. ती १९८४ साली प्रथम संमत झाली आणि २००४ साली सुधारली गेली. चोवीस तासांहून कमी वयाच्या निदान वीस पिसवा, शक्यतो पाच-पाचांच्या चार गटांत, रंगाच्या ठरावीक तीव्रतेच्या पाण्यात सोडावयाच्या. तीव्रता पायरीपायरीने वाढवीत न्यावयाची आणि प्रत्येक पायरीला तितक्याच पिसवा घ्यावयाच्या. अठ्ठेचाळीस तासांनी भांडे हळूच हलवावयाचे. पंधरा सेकंदांत जी पोहू लागत नाही, ती निश्चल समजावयाची. ज्या तीव्रतेला निम्म्या पिसवा निश्चल होतात, तो आकडा त्या पदार्थाचे माप. शिवाय एक भांडे निव्वळ पाण्याचे ठेवावयाचे आणि त्यात दहा टक्क्यांहून अधिक पिसवा निश्चल झाल्या तर सारा प्रयोग रद्द करावयाचा. ही शेवटची अट मला फार आवडते. स्वतःवर अविश्वास दाखविण्याची अशी सोय आपल्या पंचांच्या निवाड्यातही असती तर!

त्या मुलीच्या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिले नाही. आम्ही वर्गात पाच बरण्या मांडल्या आणि प्रत्येकीत दहा पिसवा सोडल्या. पहिलीत विहिरीचे पाणी, दुसरीत परवान्याचा क्रमांक छापलेल्या डबीतील खाण्याचा रंग, तिसरीत बाजारातील सुटी, बिननावाची पिवळी पूड, चौथीत घरची हळद आणि पाचवीत आमटीइतके मीठ. रंगामुळे आतले दिसेना, तेव्हा मुलींनी पांढऱ्या बशीत थोडेथोडे पाणी ओतून मोजदाद केली. दोन दिवसांनी पहिलीत एक निश्चल, दुसरीत दोन, तिसरीत सात, चौथीत सहा आणि मिठाच्या बरणीत सगळ्या.

वर्गात शांतता पसरली. सुटी पूड दोषी ठरेल, अशी माझी अपेक्षा होती आणि तसे घडलेही. परंतु हळदीने आणि मिठाने माझा सारा युक्तिवाद ढासळला. एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, मंग मीठ सगळ्यांत मोठं विष!” गोड्या पाण्यातील जिवाला ते आहेच. हळदीचेही तसेच. हळदीतील कर्क्युमीन हे द्रव्य झेब्रा माशाच्या अंड्यातील गर्भाला अगदी अल्प प्रमाणात घातक ठरते, असे प्रयोगांत आढळले आहे. हा झेब्रा मासा आपल्याच देशातला; फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या माशांवरील ग्रंथात १८२२ साली त्याचे वर्णन केले. त्याचा गर्भही पारदर्शक असतो, आणि माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचे जोडीदार त्याच्यात सापडतात. म्हणून हल्ली रंगांची परीक्षा त्याच्यावरही होते. पण म्हणून कोणी हळद सोडली आहे काय? हळद आपण पोटातून घेतो, मासा ती कल्ल्यांतून आणि त्वचेतून घेतो; आपल्याजवळ यकृत आहे, आणि आपल्या आतड्यातील जंतू कित्येक रंगांची मोडतोड करून निराळीच द्रव्ये बनवितात. पिसू मेली म्हणून माणूस मरेल असे सिद्ध होत नाही.

मला विशेष सांगावयाचे आहे ते याच्या उलट बाजूविषयी. पिसू जगली, म्हणून माणूस सुरक्षित असेही सिद्ध होत नाही. एरिथ्रोसीन नावाचा गुलाबी-लाल रंग घ्या. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-समितीने त्याचे रोजचे सह्य प्रमाण शरीराच्या दर किलो वजनामागे एक दशांश मिलिग्रॅम ठरविले आहे. टार्ट्राझीन या पिवळ्या रंगाचे प्रमाण दहा मिलिग्रॅम, म्हणजे शंभरपट. एरिथ्रोसीनवर एवढे कडक बंधन येण्याचे कारण, तो माणसाच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीच्या कामात ढवळाढवळ करतो. अमेरिकेने तर नर उंदरांतील थायरॉइडच्या गाठींवरून जानेवारी २०२५ मध्ये तो खाद्यपदार्थांतून रद्द केला. पाणपिसूला ही ग्रंथीच नाही. तिला दोन दिवस विचारा, चार दिवस विचारा. या बाबतीत ती मूकच राहणार. पंधरा किलो वजनाच्या बालकाला या रंगाचा दीड मिलिग्रॅम म्हणजे दिवसाची सीमा. किलोमागे शंभर मिलिग्रॅम रंग असलेल्या मिठाईच्या पंधरा ग्रॅममध्ये, म्हणजे जेमतेम एका घासात, तो भरतो.

मग तिची साक्ष निरुपयोगी काय? नव्हे. ती आपल्याला दोन गोष्टी सांगते. नदी-नाल्यात सोडलेले रंगीत पाणी तेथील जिवांचे काय करील, याविषयी तिचाच शब्द प्रमाण. हौद आणि ओढा हे तिचे घर आहे. दुसरे म्हणजे, अनोळखी पुडीकडे प्रथम संशयाने पाहावयास ती शिकविते. पुढची चौकशी रसायनशाळेने करावयाची. लखनौची विषविज्ञान संशोधन संस्था १९६५ सालापासून असल्या कामात आहे. सुटी पिवळी पूड पुष्कळदा मेटॅनिल यलो असते. तो रंग कापडाचा, आणि अन्नात त्यास मुळीच परवानगी नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूने आणि मार्चमध्ये कर्नाटकाने ‘बुढ्ढी के बाल’ या मिठाईतील रोडामीन-बी या कापडाच्याच रंगाविरुद्ध पाऊल उचलले. ती मिठाई आपल्याकडच्या यात्रेत कोण विकतो आणि कोणाची मुले खातात, हे मी सांगावयाचे कारण नाही.

एका वृद्ध मातोश्रींनी मला बोल लावला, “मास्तर, मुलांकडून जीवहत्या करविता?” मी निरुत्तर झालो, आणि अद्यापही पूर्णपणे उत्तर सापडलेले नाही. रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ साली मांडले की शक्य तेथे प्राण्यांऐवजी दुसरे साधन वापरावे, संख्या कमी करावी आणि यातना कमी द्याव्यात. कुत्र्या-उंदरांऐवजी पिसू घेणे हे त्याच वाटेवरचे पाऊल म्हणतात. त्या मातोश्रींना ते पटले नाही. आम्ही तो प्रयोग पुन्हा केला नाही.

आता आपल्या घरचे. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे आचारीपणावर आणि यात्रेतील दुकानांवर उदरनिर्वाह करितात. त्यांना दूषण देण्यास मी उभा नाही. रंग नसला तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते, ही त्यांची तक्रार खरी आहे. २०११ च्या नियमावलीत आठ कृत्रिम रंगांना मुभा आहे, तीही ठरावीक पदार्थांत. मिठाईत शुद्ध रंगाचे प्रमाण किलोमागे शंभर मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलो बुंदीला एक ग्रॅम. हा एक ग्रॅम कोणता आचारी तोलतो? माझ्या पुतणीच्या लग्नात तो मुठीने पडला होता, आणि पुडी मीच रोहिणखेडच्या बाजारातून आणून दिली होती. तिच्यावर नाव नव्हते. मी विचारलेही नव्हते.

पुढील वैशाखात आपला सामुदायिक विवाह-सोहळा आहे. त्याच्या खरेदीच्या यादीत ‘रंग’ हा शब्द लिहावयाचा की नाही, एवढाच प्रश्न मी कार्यकारी मंडळापुढे ठेवतो. लिहावयाचाच असेल तर त्यापुढे कोणता, किती आणि कोणत्या परवान्याचा, हेही लिहावे. आजच्या पंगतीसाठी मी आचाऱ्याला आगाऊ विनंती केली होती. बुंदी बेसनाच्याच रंगाची आहे. थोडी फिकी दिसेल. मंडळी, पाने मांडली आहेत, आपण उठू या.