पहिला पाना कसा घ्यावा
(आकाशवाणीवरून झालेलं भाषण)



जोयडा तालुक्यातली मुलं हल्ली आयटीआय करून किंवा दांडेली-हल्याळच्या एखाद्या गॅरेजात मिस्त्रीच्या हाताखाली राहून गावी परततात आणि स्वतःचं काम सुरू करतात. मला याचा मनापासून आनंद वाटतो. आपला तालुका विस्ताराने उत्तर कन्नड जिल्ह्यात सर्वांत मोठा. २०११ च्या जनगणनेत माणसं मात्र ५२ हजारांच्या आसपास, आणि गावागावांमध्ये जंगल. गुंद गावी टिलर बंद पडला तर तो ट्रॉलीत घालून रामनगरला न्यायचा की दांडेलीला, याचा विचार करण्यातच चिखलणीचा दिवस जातो. गावात मिस्त्री असला की लावणी वेळेवर होते.

पण या मुलांची पहिली खरेदी चुकते. आज मी तेवढ्याबद्दलच बोलणार आहे. विषय हत्यारांचा दिला आहे, म्हणजे त्यात पक्कड, हातोडी, पेचकस सगळंच आलं. पण मी पाना आणि रॅचेट सोडून दुसऱ्या कशाला हात लावणार नाही.

पहिली गोष्ट. वाईट पाना स्वतः मोडत नाही, तो नट बिघडवतो. पान्याचा जबडा किंचित फाकतो, नटाच्या कडेवरून सरकतो आणि कड खाऊन टाकतो. दोनदा असं झालं की षटकोनी नट गोल होतो. आणि तो नट तुमचा नसतो, गिऱ्हाइकाचा असतो. पाना तुमचा, पैसे तुमचे वाचले, नुकसान मात्र त्याचं. हे मी पुन्हा सांगणार आहे, कारण सगळं बोलणं या एका गोष्टीवर उभं आहे.

आता कोयत्याचं बघा. आपल्याकडे कमरेच्या आकडीला कोयता नाही असा शेतकरी विरळा. तो कोयता विकत घेताना कुणी चकाकी बघत नाही. हातात तोलून बघतात, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकतात, पात्याची पाठ किती जाड आहे ते बघतात, आणि मुख्य म्हणजे लोहाराला विचारतात, पाणी कसं दिलंय? पाणी जास्त झालं तर धार तुकड्यातुकड्याने उडते, कमी झालं तर बांबूवर घाव घालताच वळते. पान्याचंही अगदी हेच आहे. क्रोम-व्हॅनेडियमचं पोलाद, ठोकून घडवलेलं, त्याला बेताचं पाणी दिलेलं. जास्त पाणी झालं तर सॉकेटची गोटी तडकते, कमी पडलं तर जबडा फाकतो. वरचा चकचकीत मुलामा गंजापासून राखण करतो. आतल्या पाण्याबद्दल तो काही सांगत नाही. घरातल्या कोयत्याला टिचकी मारून बघणारा मुलगा बाजारात जाऊन चकचकीत डबा उचलतो, याचं मला वाईट वाटतं.

असाच एक मुलगा मला भेटला होता. शेहेचाळीस नगांचा डबा घेतलेला, आत लाल प्लॅस्टिकचे खण, प्रत्येक खणात एकेक गोटी. "मामा, यात सगळं आहे," म्हणाला. मी त्याला त्यातली बाराची गोटी मागितली आणि एका नव्या कोऱ्या बोल्टवर बसवून बोटाने हलवली. गोटी खुळखुळत होती. नवा बोल्ट, नवी गोटी, आणि मधे एवढी जागा! हीच गोटी पावसात गंजलेल्या, चिखल बसलेल्या बोल्टवर लावून जोर दिला तर काय होणार? तेच झालं होतं. टिलरचा एक बोल्ट गोल करून त्याने छिन्नी-हातोडीने काढला होता. टिलर तीन दिवस उभा, वाफा तयार, आणि रोप वाढत चाललेलं. मुलगा कष्टाळू होता, हातही चांगला होता. पाना वाईट होता.

या बाराच्या आणि तेराच्या बाबतीत जरा थांबतो, कारण आपल्याकडे इथेच जास्त नट मरतात. आठ मिलिमीटर जाडीचा बोल्ट घ्या. जपानी पद्धतीच्या यंत्रावर त्याचं डोकं १२ चं असतं, इतर बऱ्याच ठिकाणी १३ चं. व्हीएसटीचा टिलर मित्सुबिशीच्या सहकार्यातून आलेला, कामकोचा कुबोटाच्या. त्यामुळे टिलरवर तुम्हाला १२, १४, १७ भेटणार. होंडाच्या वळणाच्या मोटारसायकलींवरही तेच, आणि त्यांच्या कव्हरांना ८ आणि १०. ट्रॅक्टरवर १३ भेटणार. मिस्त्री घाईत असतो, हाताला तेरा लागतो, तो बारावर "बसतो" असं वाटतं, आणि काम बिघडतं. म्हणून १२-१३ चा पाना घ्याल तो सगळ्यांत चांगला घ्या. बाकी एखाद्या पान्यात पैसे वाचवलेत तरी मी रागावणार नाही, पण या एकात वाचवू नका.

जुन्या जीपगाड्यांचे इंची नट हा आणखी वेगळा विषय आहे. अर्ध्या इंचाचा नट १२.७ मिलिमीटर भरतो, त्यावर तेराचा पाना सैल जातो... पण ते राहू दे, वेळ पुरणार नाही.

सुरुवात कशाने करावी? रिंग पान्याने. फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, रिंग पाना सगळीकडून वेढतो. घट्ट नट आधी रिंग पान्याने सोडवायचा, मग बाकीचं काम कशानेही करा. ८-९, १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९ असे सहा रिंग पाने घेतले की मोटारसायकल आणि टिलरचं बहुतेक काम निघतं. पैसे कमी असतील तर आधी १०-११, १२-१३ आणि १४-१५ घ्या. तीन पाने. कोयत्याच्या बाबतीत आपण तरी काय करतो? एक चांगला कोयता घेतो आणि त्यानेच काटक्या तोडतो, नारळ सोलतो, कुंपण साफ करतो. सहा वाईट कोयते घेऊन कुणी रानात जात नाही.

आणि हे पैसे स्वतःचेच घालावे लागणार. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत हत्यारांसाठी १५ हजार रुपयांची मदत मिळते, पण त्यातल्या १८ व्यवसायांत लोहार, सुतार, कुलूप बनवणारा आहे, मोटार मेकॅनिक नाही. म्हणून तर प्रत्येक रुपया जपून लावायला सांगतो आहे.

आता रॅचेट. सगळ्या मुलांचा जीव रॅचेटवर. कर्र कर्र आवाज आला की मिस्त्री झाल्यासारखं वाटतं. घ्या, पण रिंग पान्यांनंतर घ्या. आणि पहिलं घ्याल ते चार सुती, म्हणजे अर्ध्या इंची चौकाचं घ्यावं की तीन सुती? फक्त मोटारसायकली करणार असाल तर तीन सुती हातात छान बसतं. टिलर-ट्रॅक्टर करणार असाल तर चार सुती. चाकाला दात ७२ असतील तर पाच अंश फिरवलं की पुढचा दात पकडतो, २४ असतील तर पंधरा अंश लागतात. इंजिन आणि चॅसिसच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, जिथे हात जेमतेम शिरतो, तिथे हा दहा अंशांचा फरक फार मोठा असतो.

दुकानात रॅचेटची परीक्षा कशी करायची ते ऐका. गोटी लावून एक बोल्ट दोन बोटांनी नटात थोडासाच फिरवा. आता रॅचेट पुढे फिरवा आणि हळूच मागे आणा. मागे येताना बोल्टही सोबत मागे येत असेल तर ते रॅचेट ठेवून द्या. अशा रॅचेटने सैल बोल्ट कधी आवळताच येत नाही, सुरुवात बोटानेच करत बसावं लागतं. आणि रॅचेटच्या दांड्यावर पाइप चढवून घट्ट नट तोडायला जाऊ नका. त्याच्या पोटात बारीक दात आणि त्यांना अडवणारा एक छोटा खटका असतो, सगळा जोर त्या खटक्यावर येतो. नट सोडवायला टी-बार किंवा रिंग पाना, भरभर फिरवायला रॅचेट. एवढं पाळलंत तर चांगलं रॅचेट वर्षानुवर्षं चालेल.

डबा मोठा म्हणजे काम मोठं, हा समज कुठून आला कोण जाणे. १९२० साली अमेरिकेतल्या मिलवॉकीला जोसेफ जॉन्सन यांनी सुट्या गोट्या आणि बदलते दांडे विकायला काढले, त्यातूनच पुढे स्नॅप-ऑन कंपनी उभी राहिली. त्या पहिल्या संचात नग होते पंधरा: दांडे पाच, गोट्या दहा. पाच दांडे पन्नास पान्यांचं काम करतात, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आज पंधरांचे शेहेचाळीस झाले आणि त्यातले तीस तुमच्या हाताला कधी लागतच नाहीत.

चांगला पाना दूरही नाही. नाशिकच्या सातपूरला टपारियाचा कारखाना १९६९ पासून आहे, स्वीडनच्या तांत्रिक सहकार्याने सुरू झालेला. पंजाबात जालंधरला हत्यारांचे किती कारखाने! मी कुठल्या एका नावाची जाहिरात करत नाही. रिंग पान्याला आय.एस. २०२९ आणि फिक्स पान्याला आय.एस. २०२८ असं भारतीय मानक आहे, त्याबद्दल दुकानदाराला विचारा. नंबर खोल ठोकलेला आहे का ते बघा. रिंगच्या आत बोट फिरवून मुलामा उचललेला नाही ना ते बघा. आणि खिशात एक नवा बोल्ट घेऊन जा! त्यावर पाना बसवून हलवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदार चिडला तर चिडू दे.

निवेदकांची खूण झाली आहे, दोन मिनिटं उरली. पावसाळ्यात पाने पुसून तेलाचं बोट कसं फिरवायचं, टॉर्क रेंच केव्हा घ्यावा, हे राहिलं. पण पुन्हा तेच सांगतो, कारण कुणी आत्ता रेडिओ लावला असेल: वाईट पाना गिऱ्हाइकाचा नट बिघडवतो. कॅसलरॉकच्या किंवा कुंभारवाड्याच्या माणसाला तो नट नवा आणायला दिवस मोडावा लागतो, आणि त्या दिवसाची मजुरी त्याला कुणी देत नाही.

शेवटचं बोलणं दुकानदारांशी आहे. रामनगरच्या, जोयड्याच्या, जगलबेटच्या हार्डवेअरवाल्यांनो, तुम्ही सेट ठेवता कारण सेट खपतो. पण ज्या मुलाच्या खिशात पाचशे रुपये आहेत त्याने करायचं काय? तो स्वस्तातला डबा उचलतो, कारण चांगला पाना तुमच्याकडे सुटा मिळत नाही. तुम्ही चांगल्या बनावटीचे रिंग पाने सुटे विकायला ठेवा. निदान १०-११, १२-१३ आणि १४-१५ हे तीन तरी ठेवा, आणि त्यांचं बिल द्या.