पुढल्या चाकांची मोटार आणि तिचा तोल



बैलगाडींत ओढणारे पुढें असतात. मोटारींत मात्र दीर्घकाळ बहुधा मागलीं चाकेंच गाडी ढकलीत असत. १९५९ सालीं इंग्लंडांत अलेक इसिगोनिस यांची ‘मिनी’ ही लहानशी गाडी विक्रीस आली. तींत इंजिन आडवें बसवून त्याचा जोर पुढल्या चाकांस दिला होता. चाकें अवघीं १० इंची, आणि पोलादी स्प्रिंगांच्या जागीं अलेक्स मौल्टन यांचे रबरी शंकु. हिच्याच ‘कूपर एस’ या वेगवान प्रकारानें १९६४, १९६५ व १९६७ सालीं मॉन्टे कार्लोची रॅली जिंकली. तेव्हां हौशी शर्यतवाल्यांचें लक्ष अशा गाड्यांकडे वळलें, यांत नवल नाहीं.

परंतु या गाडीची एक खोड आहे. गाडी ओढणें, तिला वळविणें आणि थांबविण्याचा बहुतेक भार सोसणें, हीं तिन्ही कामें पुढल्या चाकांवर पडतात. टायरची पकड मर्यादित असते. एका कामांत ती खर्चली कीं दुसऱ्यास पुरत नाहीं. म्हणून वेगांत वळतांना गाडीचें नाक बाहेर जाऊं लागतें.

यावर उपाय म्हणून नवशिका पुढलें सस्पेन्शनच ताठ करतो, आणि बहुधा फसतो. वळणावर आंतल्या चाकांवरील भार बाहेरच्या चाकांवर जातो. जी जोडी अधिक ताठ, तिच्यांत ही उलथापालथ अधिक. टायरवरील भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाहीं. यास्तव जिच्यावर भार विषम पडतो, ती जोडी पकडींत उणी ठरते. म्हणून जाणता मनुष्य मागली बाजू ताठ करतो. तेथें अँटी-रोल बार बसवितो. मग वळणावर आंतलें मागचें चाक जमिनीवरून उचललें जातांनाहि दिसतें. पण पुढलीं चाकें रस्ता धरून राहतात. त्यांचे माथे एखाद-दोन अंश आंत झुकविले, तर गाडी कलल्यावर बाहेरचें चाक रस्त्यावर नीट टेकतें. झुकाव अति झाला, तर सरळ रस्त्यावरील ब्रेकची पकड घटते.

आतां धोक्याची गोष्ट. मागली बाजू अशी ताठ केल्यावर चालकानें ऐन वळणांत घाबरून अॅक्सिलरेटरवरील पाय एकदम काढला, तर वजन पुढें झुकतें, मागलीं चाकें हलकीं होतात आणि गाडीची शेपूट गर्रकन् फिरते. ओल्या रस्त्यावर तर हें फारच लवकर घडतें.

म्हणून प्रथम थंड टायरांतील हवा मोजावी. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, परिणाम वहींत टिपावा, आणि परीक्षा बंदिस्त मैदानावरच घ्यावी. त्याच गाडींतून दुसऱ्या दिवशीं मुलेंबाळें जावयाचीं असतील, तर शर्यत संपतांच मागला बार पुन्हां सैल करावा. शर्यतींत चालक वळणाची वाट पाहत असतो. घरच्या रस्त्यावर वळणामागें कोण उभें आहे, हें त्यास ठाऊक नसतें.