एका शब्दाचे दोन अर्थ

भोपाळच्या मराठी घरातले मूल शाळेत ‘शिक्षा’ म्हणते, ते शिक्षणाला. घरी आजी ‘शिक्षा करीन’ म्हणाली, की तेच मूल कान पकडते. अक्षरे तीच, अर्थ निराळा. पेशीतही असे घडले आहे.

जनुकांची लिपी चार अक्षरांची आणि शब्द तीन अक्षरी, म्हणून एकूण शब्द ६४. त्यांतले ६१ शब्द वीस अमिनो आम्लांची नावे सांगतात. उरलेले तीन म्हणतात, ‘थांबा’. १९६१ मध्ये निरेनबर्ग आणि माथाई यांनी पहिला शब्द वाचला. पुढे हरगोविंद खुराणा यांनी हा कोश उलगडण्यात मोठा वाटा उचलला. १९६८ च्या नोबेलचे ते एक मानकरी.

जिवाणूपासून वडापर्यंत हा कोश जवळजवळ एकच आहे. क्रिक यांनी त्याला गोठलेला योगायोग म्हटले. हजारो प्रथिने ज्या शब्दांत लिहिली गेली, त्यातल्या एकाचा अर्थ फिरला तर सगळीच बिघडतील.

तरीही आपल्याच पेशीतल्या तंतुकणिकेत ‘यूजीए’ म्हणजे ‘थांबा’ नव्हे. तिथे ते ट्रिप्टोफॅनचे नाव आहे. हे १९७९ मध्ये कळले. तिच्या जनुकांत प्रथिने अवघी १३. लहान घराला अर्थ बदलणे परवडते.

आपलेही घर लहान आहे. आपली मराठी इथे थोडी बदलली, याची लाज नको. मात्र एक ध्यानात ठेवा: तंतुकणिकेने आपले शब्द वाचणारे २२ आरएनए स्वतःच्याच जनुकांत जपले आहेत. वाचणारा घरात असेल, तरच शब्द टिकतो.