झाडाचें अन्न कोठून येतें?

गॅलरींतील कुंडींत तुळशीचें रोप लावलें जातें. वर्षभरांत तें हातभर वाढतें, त्याला मंजिऱ्या येतात, बुंधा लांकडासारखा कठीण होतो. घरांतील मूल त्याला रोज पाणी घालीत असतें, आणि एके दिवशीं तें विचारतें, "एवढें झाड मातींतून वर आलें, मग कुंडींतली माती कमी कां झाली नाहीं?" प्रश्न बाळबोध खरा; पण त्याचा उलगडा होण्यास युरोपांतील विद्वानांना दीड शतकाहून अधिक काळ लागला. "मुळें मातींतून अन्न शोषून घेतात," असें ठरीव उत्तर देऊन मुलास गप्प करणें सोपें आहे. परंतु त्या उत्तरांत सत्याचा अंश फार थोडा आहे.

हाच प्रश्न सतराव्या शतकांत ब्रसेल्सकडील वैद्य यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्माँट यांच्या मनांत आला. जमिनींत तयार असलेलें अन्न झाड मुळांनीं चोखून घेतें, असा त्या वेळचा जुना समज होता. व्हॅन हेल्माँट यांनीं वाद न घालतां तराजू हातीं घेतला. भट्टींत वाळविलेली २०० पौंड माती त्यांनीं एका मोठ्या कुंडींत भरली आणि तींत ५ पौंड वजनाचें वाळुंजाचें रोप लावलें. धूळ पडूं नये म्हणून वर भोकांचें पत्र्याचें झांकण बसविलें. पांच वर्षें त्याला पाण्याखेरीज कांहींही घातलें नाहीं. शेवटीं झाडाचें वजन १६९ पौंड आणि सुमारें ३ औंस भरलें. माती पुन्हां वाळवून तोलली, तों ती कमी झाली होती अवघी दोन औंस! तेव्हां लांकूड, साल, मुळें हीं सर्व केवळ पाण्यापासूनच झालीं, असा निष्कर्ष त्यांनीं काढला.

तोलणें चोख होतें, अनुमान चुकलें. झाडाच्या चोहों बाजूंस हवा होती, आणि हिशेबांत तेवढी धरावयाची राहून गेली. नवल असें कीं, 'गॅस' हा शब्द व्हॅन हेल्माँट यांनींच प्रचारांत आणला. ६२ पौंड कोळसा जाळला तर एक पौंड राख उरते व बाकीचा सारा अदृश्य वायु होऊन जातो, असेंही त्यांनीं लिहून ठेवलें. हा वायु म्हणजे मुख्यत्वें कर्बद्विप्राणिद. प्राण्यांच्या उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो तोच. लांकूड जळतांना जो वायु सुटतो, त्याच वायूपासून लांकूड घडत असेल, हा धागा मात्र त्यांच्या हातीं लागला नाहीं. इ. स. १६४४ त ते वारले. त्यांचा ग्रंथ १६४८ सालीं प्रसिद्ध झाला.

पुढचें पाऊल पडावयास सव्वाशें वर्षें जावीं लागलीं. इ. स. १७७१ च्या ऑगस्टमध्यें जोसेफ प्रीस्टले या इंग्रज धर्मोपदेशकानें बंद भांड्यांत मेणबत्ती विझेपर्यंत जळूं दिली आणि त्या बिघडलेल्या हवेंत पुदिन्याची डहाळी ठेवली. दहा दिवसांनीं त्याच हवेंत दुसरी मेणबत्ती उत्तम जळली. जी हवा उंदराचा प्राण घेई, तीही डहाळीच्या सहवासानें पुन्हां श्वसनास योग्य होई. पण हा प्रयोग कधीं साधे, कधीं फसे. आणि असें कां व्हावें तें कळेना.

हें कोडें डच वैद्य यान इंगेनहाउझ यांनीं १७७९ च्या उन्हाळ्यांत सोडविलें. पाण्यांत बुडविलेल्या हिरव्या पानांवर उन्हांत बुडबुडे धरत. अंधारांत ते थांबत. हवा शुद्ध होते ती हिरव्या भागांमुळें, आणि तीही केवळ उजेडांत, हें त्यांनीं दाखवून दिलें. रात्रीं तर झाडें हवा किंचित् दूषितच करतात, कारण तींही अहोरात्र श्वसन करीत असतात. म्हणून खोलींतील कुंडी रात्रीं बाहेर ठेवण्याचें कारण नाहीं. शेजारीं निजलेला माणूस तिच्याहून कितीतरी अधिक हवा दूषित करतो. पुढें १८०४ सालीं जिनीव्हाच्या द सोस्यूर यांनीं सिद्ध केलें कीं, झाडांतील कर्ब हवेंतून येतो आणि पाणीही झाडाच्या घडणींत सामील होतें. व्हॅन हेल्माँट अर्धे बरोबर होते, तें असें.

आतां मुलाच्या प्रश्नाचें उत्तर देतां येतें. पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून कर्बद्विप्राणिद आंत शिरतो. मुळें पाणी पुरवितात. पानांतील हरितद्रव्य सूर्यप्रकाश पकडतें. आणि या सर्वांच्या योगानें साखर तयार होते. प्राणवायु उरतो तो बाहेर सोडला जातो. साखरेपासूनच पुढें पिष्ट बनतें व लांकडाचे तंतु बनतात. हवेच्या दहा हजार भागांत कर्बद्विप्राणिदाचे भाग जेमतेम चार. तेवढ्या विरळ सामग्रींतून वडपिंपळांचे प्रचंड बुंधे उभे राहतात!

मग त्या दोन औंसांचें काय? त्यांना तुच्छ मानूं नये. नत्र, स्फुरद, पालाश इत्यादि द्रव्यें मातींतूनच येतात आणि तीं न मिळाल्यास रोप पिवळें पडून खुरटतें. खत म्हणजे झाडाच्या ताटांतील भात नव्हे, मीठ होय. पण मिठावांचून जेवण होत नाहीं.

हें सारें मुलाला सांगण्यापेक्षां त्याच्याकडून करवून घ्यावें. कुंडींतील जास्वंद दोन दिवस अंधारांत ठेवावी. मग एका पानाच्या मध्यभागीं दोन्ही बाजूंनीं काळ्या कागदाची पट्टी लावून कुंडी दिवसभर उन्हांत ठेवावी. संध्याकाळीं पान तोडून उकळत्या पाण्यांत बुडवावें; नंतर विस्तव पूर्ण विझवून, गरम पाण्यांत ठेवलेल्या वाटींतील स्पिरिटांत हिरवा रंग उतरेपर्यंत ठेवावें. हें काम वडील माणसानेंच करावें. मग पान धुऊन त्यावर टिंक्चर आयोडिनचे थेंब टाकावे. उन्हांत राहिलेला भाग काळानिळा होतो, पट्टीखालचा होत नाहीं. तेंच आयोडिन शिजलेल्या भाताच्या शितावर टाकलें तर शीतही तसेंच काळेंनिळें होतें. पानांत जें तयार झालें तेंच ताटांत आलें आहे, ही गोष्ट मग त्या मुलास घोकावी लागणार नाहीं.