अर्ध्या वाटेवरची मोटार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी ऑस्ट्रेलियातील एका मोटारीची हकिगत सांगणार आहे. तिचा आपल्या मंडळाशी काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. तो शेवटी सांगते.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर ॲडलेड आणि उत्तर किनाऱ्यावर डार्विन. मधला मुलूख वाळूच्या टेकड्यांचा, खडकांचा, कोरड्या नद्यांचा. तेथील मूळ रहिवासी पाण्याच्या जागा ओळखून हजारो वर्षे राहत आलेले. पण मोटारीजोगा रस्ता नव्हता. १८७२ साली पुरी झालेली तारेची लाइन आणि तिच्यावरील लांब लांब अंतरावरची तारघरे, एवढाच परक्या प्रवाशाला आधार.

नोव्हेंबर १९०७ मध्ये हॅरी डटन हे सधन जमीनदार आणि मरे ऑंगर हे यंत्रकामात तरबेज गृहस्थ टॅलबट मोटारीने ॲडलेडहून निघाले. निम्म्याहून अधिक वाट कापली, आणि टेनंट क्रीकच्या अलीकडे चाकांना गती देणारे दातेरी चक्रच मोडले. पावसाळा तोंडावर आलेला. गाडी रानात सोडून दोघे घोड्यांवरून माघारी फिरले. अशा वेळी चार लोक काय बोलतात, ते आपल्याला सांगायला नको!

३० जून १९०८ रोजी ते पुन्हा निघाले. या खेपेस मोटार अधिक ताकदीची होती, ऋतू कोरडा होता, आणि ॲलिस स्प्रिंग्जहून तारखात्यातील अर्न ऑलचर्च सोबतीला आले. पण मला विशेष वाटते ते पुढेच. जुन्या गाडीकडे पाठ फिरवून ते गेले नाहीत. तिची दुरुस्ती केली, आणि दोन्ही गाड्या पाइन क्रीकपर्यंत बरोबरीने चालवल्या. तेथे जुनी आगगाडीवर चढवली. नवी २० ऑगस्ट रोजी डार्विनला पोचली. मोटारीने हा देश दक्षिणोत्तर ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. ती टॅलबट आजही बर्डवुडच्या मोटार-संग्रहालयात आहे.

आता संबंध सांगते. आपल्यापैकी कितीजणींची परीक्षा, पेटीचा रियाज, शिवणाचा वर्ग असाच अर्ध्या वाटेवर राहिला आहे! कुणाचे बाळंतपण आले, कुणाच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्यात कमीपणा कसला? ऋतूच प्रतिकूल होता. तो पालटला, की ती गाडी शोधायला निघावे. आणि सोबतीला तिसरे माणूस हवे असेल, तर भगिनींनो, मंडळ दुसरे कशासाठी आहे?