संध्याकाळच्या विजेचा धूर



विजेचे अर्थकारण युनिटांच्या बेरजेत संपत नाही. युनिट कोणत्या घटकेला हवे, यावर त्याची खरी किंमत ठरते. दिवेलागणीला विजेची मागणी वाढते आणि नेमका त्याच वेळी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातला, २०१३ पासूनचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प थांबतो. मग भार येतो तो भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या कोळशाच्या केंद्रांवर.

कोळशाचा बॉयलर काडी लावताच पेटत नाही. थंड संच सुरू करताना आधी तेल जाळावे लागते; भार फार उतरला, तर ज्योत टिकवण्यासही तेलच लागते. तेलकट कण साचून आग लागू नये म्हणून, धुरातील राख पकडणारी विजेची यंत्रणा अशा वेळी बहुधा बंद किंवा अंशतःच चालू ठेवतात. म्हणजे धूर अधिक काळा, तेव्हाच गाळणी ढिली. वर्षाच्या सरासरीत हे तास विरून जातात. परिसरातील माणसांच्या छातीत ते विरत नाहीत.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांच्या धुरावर कडक मर्यादा घातल्या. त्यांच्या मुदती वारंवार वाढल्या. जुलै २०२५ मध्ये तर मोठी शहरे व अतिप्रदूषित क्षेत्रे यांपासून १० किलोमीटरपलीकडील केंद्रांना, चिमणीच्या उंचीची अट घालून, गंधक शोषणाऱ्या संयंत्राच्या सक्तीतून सूट मिळाली. लहान गावातला श्वास स्वस्त, असाच याचा अर्थ होतो.

दीपनगर बंद करा, असे येथे म्हणणे नाही; तेथील कामगारही हीच हवा घेतात. परंतु महानिर्मिती ही सार्वजनिक मालकीची कंपनी आहे, आणि सार्वजनिक मालकीला अर्थ यायचा असेल तर हिशेबही सार्वजनिक हवा. संच पेटवण्या-विझवण्याच्या तासांतील उत्सर्जन वेगळे मोजून ते आसपासच्या ग्रामपंचायतींच्या फलकांवर लागले पाहिजे. दुसरे असे की, रावेर-यावलच्या केळीबागांना दिवसा वीज मिळाली पाहिजे. २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे. पंप दिवसा चालले तर दुपारी संच फार उतरवावे लागत नाहीत, रात्रीचा कोळसा वाचतो, आणि चढउतार घटला की तेलही कमी जळते. शेतकऱ्याची झोप आणि दीपनगरच्या शेजाऱ्याचा श्वास या दोन मागण्या नाहीत. ती एकच मागणी आहे, आणि ती एकत्रच मांडली पाहिजे.